मागचे स्पीकर

बाबांना मी सरळ सांगायला हवं होतं की मला मुंबईला जायचंय. मी सांगितलं, "इथे तसले स्पीकर नाहीत."

झालं. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं.

समीक्षाचा फोन आला होता. ती माझ्याबरोबर साउंडच्या कोर्सला होती, आता अंधेरीत एका डबिंग स्टुडिओत काम करते. म्हणाली, "एक माणूस सोडून चाललाय. साहेबांशी मी बोललेय. गणपती झाले की लगेच ये. नाही आलास तर जागा थांबणार नाही." मी तेव्हा गावात काय करत होतो? नमनाच्या, म्हणजे गावच्या खेळ्यांच्या, कार्यक्रमांना माईक लावत होतो आणि लग्नाच्या व्हिडिओतून नवरदेवाच्या काकांचा खोकला पुसत होतो. सिनेमाचा आवाज चारी बाजूंनी रचायचा, पाऊस प्रेक्षकाच्या डोक्यावर पाडायचा आणि पावलं त्याच्या पाठीमागून चालवायची, हे मी शिकलो होतो. आमच्या वाडीत त्याचा उपयोग शून्य.

दुपारी जेवताना बाबांनी विचारलं, "तिकडं असं काय हाय, जे हितं नाय?"

या प्रश्नाला खरं उत्तर देणं माझ्या जिवावर आलं. बाबांचा, म्हणजे गंगाराम यांचा, अख्खा जन्म मुंबईत एका छापखान्यात गेला. राहायला गावच्या मंडळाची खोली. तिथे माणसं इतकी, की सगळ्यांनी कुशीवर झोपायचं; उताणं झोपायला मिळायचं ते अर्धे लोक सणाला गावी गेले की. निवृत्त होऊन आले तेव्हा पहिले कितीतरी दिवस ते पडवीत हातपाय पसरून नुसते पडून राहायचे. "मी जलमभर कुशीवर झोपलो," असं ते येईल-जाईल त्याला सांगायचे, "माज्या पोरानं उताणं झोपायचं." अशा माणसाला 'मला तिकडे जायचंय' कसं सांगणार? म्हणून मी स्पीकर पुढे केले. म्हटलं, तिकडच्या कामाला सराउंड साउंड लागतो, समोर तीन, मागे दोन आणि खाली एक धमधम करणारा. इथे ते नाही, म्हणून जावं लागेल.

बाबांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "येवडंच ना? मंग ते हितं आणू."

आईने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात बोलायचं काम बाबांचं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने रत्नागिरीला. मारुती मंदिराजवळ एक बरं दुकान आहे. दुकानदाराने आधी साधे, समोर दोन आणि खाली एकवाले दाखवले. बाबा म्हणाले, "ते नको. पाचवाले दाखवा. मागून आवाज येनारे." दुकानदार खूश. त्याने बाबांना एका खुर्चीत बसवलं, पाच डबे भोवती ठेवले आणि हेलिकॉप्टर सोडलं. ते समोरून आलं, कानावरून गेलं आणि मागे जाऊन घरघरायला लागलं. बाबांनी चटकन मान वळवून मागे बघितलं. पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक माणूस वळून बघतो. बघितल्याशिवाय राहवतच नाही.

"मागं कोण नाय!" बाबा म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले.

मी त्या हसण्याने पाघळलो नाही. मी मनाशी ठरवूनच आलो होतो की प्रत्येकात खोट काढायची. नाही म्हणायचं तोंड नव्हतं, निदान स्पीकरला नावं ठेवायला तरी होतं. पहिल्या सेटला म्हटलं, याचा खालचा डबा फार घुमतो, माणूस बोलतोय की ढोल बडवतोय ते कळत नाही. दुसऱ्याचा मधला स्पीकर डालडाच्या डब्यातून बोलल्यासारखा. हे दोन्ही खरं होतं. पण तिसरा सेट लावला आणि माझी बोलती बंद झाली. आवाज स्वच्छ होता. कुजबुज ऐकू येत होती, कपड्याची सळसळ ऐकू येत होती. मला तो आवडला, आणि आवडला म्हणून मला दुकानात घाम फुटला.

"वायर," मी म्हणालो. "मागच्यांची वायर पुरणार नाही."

"वाढवून देतो," दुकानदार म्हणाला.

"माझ्या कॉम्प्युटरला एवढी भोकं नाहीत. हिरवं, काळं, नारंगी अशा तीन पिना असतात याच्या."

"कार्ड बसवून मिळेल."

"खोली लहान आहे आमची. चिऱ्याच्या उघड्या भिंती, आवाज आपटून परत येतो. शिवाय लाइट जाते. असला माल एका झटक्यात जळेल." दम न घेता मी सगळं सांगून टाकलं. दुकानदाराने हात टेकले. आम्ही रिकाम्या हाताने एसटीत बसलो आणि मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात सुटलो सुटलो म्हणत होतो. बाबा शेजारी गप्प होते. मला वाटलं, खट्टू झाले असतील. ते माझ्या अडचणी पाठ करत होते.

त्याच आठवड्यात पडवीच्या टोकाच्या खोलीतल्या भाताच्या कणग्या हलल्या. माझा चुलतभाऊ निलेश वायरिंगची कामं करतो. तो हातोडा घेऊन हजर झाला आणि त्याने मधली भिंत पाडली. खोली मोठी झाली. भिंतीत पाइप घालून मागच्या स्पीकरांच्या वायरींची सोय झाली. कार्ड आलं. इन्व्हर्टर आला. आवाज आपटतो ना, म्हणून काकीने, वहिनीने, वाडीतल्या आणखी कुणीकुणी जुन्या गोधड्या पाठवल्या. माझ्या तोंडून 'पण' निघाला, की घरात एक खिळा ठोकला जात होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी अडचणी सांगितल्या नसत्या, तर त्यांना कुठून सुचणार होतं?

शेवटी तिसरा सेट आला. बाबा एकटेच जाऊन घेऊन आले. एसटीच्या टपावर ठेवायला त्यांचा जीव झाला नाही, म्हणून खोका मांडीवर घेऊन बसले होते.

निलेशने सगळं जोडलं. समोर तीन, मागे कानाच्या उंचीवर दोन, टेबलाखाली तो धमधम्या. दुकानदाराने बाबांना सांगितलं होतं की सराउंडची खरी मजा एकाच जागी असते. खुर्ची त्या जागेवरून हलली की बिघडलं. बाबांनी मापं घेऊन जमिनीवर खडूने खुर्चीच्या पायांच्या खुणा केल्या. मग खडू पुसेल म्हणून त्यावर ऑइल पेंटचे ठिपके दिले. लाल.

"बस," म्हणाले.

मी बसलो. पाचही बाजूंनी डबे माझ्याकडे तोंड करून उभे होते. भिंतींवर सगळ्या वाडीची पांघरुणं. आणि माझा बाप दारात उभा राहून इतक्या आशेने माझ्याकडे बघत होता, की मी "मस्त" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? लाथ मारून निघून जावं असा कुणी दुष्ट या घरात असता तर किती सोपं झालं असतं.

समीक्षाचा मेसेज आला: येतोयस ना? मी लिहिलं, हो. लिहिलं खरं, पण घरात कुणाला सांगितलं नाही.

दुपारी आई उरलेली एक गोधडी मागच्या भिंतीला लावायला आली. मी स्टुलावर चढलो, ती खालून धरून उभी राहिली. माझी आई, यमुना, बाबा मुंबईत असताना हे घर, शेती, गुरं आणि मी, सगळं एकटीने ओढत होती. बाबा शिमग्याला यायचे, गणपतीला यायचे आणि परत जायचे. जातानाचं तिचं उभं राहणं मला आठवतं. दारापुढच्या खळ्याच्या कडेला, पदर खोचून, काही न बोलता.

"ह्ये मागचे दोन कशाला रे?" तिने विचारलं.

"सिनेमात मागून कुणी हाक मारली, तर ती मागूनच ऐकू यायला हवी ना."

तिने गोधडीची सुरकुती काढली. "जाणाऱ्याला मागनं हाक मारू नये," ती म्हणाली. "काम होत नाय त्याचं."

"हे सिनेमाचं म्हणतोय मी."

"मी पन तेच म्हणते," असं म्हणून ती गुरांना पाणी दाखवायला गेली. तिला फोनचं कळलं होतं की काय, मला कळेना. तिच्याशी बोलावं असं फार वाटलं, पण मी स्टुलावरून उतरेपर्यंत ती गोठ्यात पोचली होती.

गणपती आले. मुंबईकर आले, वाडी भरली. बाबांनी गौरीच्या दुसऱ्या दिवशी खोलीचं उद्घाटन ठरवलं, म्हणजे सगळी भावकी हजर असेल. आमच्याकडे नवीन काहीही असो, होडी, गिरण किंवा मोटारसायकल, गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, हातात नारळ घेऊन देवीला मोठ्याने सगळं सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवी असली तरी गाऱ्हाण्यात तिला म्हाराजाच म्हणतात. एकदा गाऱ्हाण्यात आलं आणि चारचौघांनी व्हय म्हटलं, की ते पक्कं. कागदापेक्षा पक्कं.

बाबा म्हणाले, पहिलं रेकॉर्डिंग गाऱ्हाण्याचंच कर. माझ्याकडे एक छोटा रेकॉर्डर आहे, चारी बाजूंचा आवाज वेगवेगळा पकडणारा. तो मी स्टँडवर लावून माझ्या पाटामागे, डोक्याच्या उंचीवर ठेवला. मी मधोमध पाटावर. समोर गावकर धाकूतात्या, त्यांच्या बाजूला बाबा, दोन्हीकडे काका, निलेश, मुंबईकर. मागे दारात बायका. त्यांच्यात आई.

धाकूतात्यांनी घसा साफ केला.

"बा देवी म्हाराजा! आज तुज्या गावात, गंगारामाच्या घरात, तुज्या लेकरानं नवा धंदा मांडलाय!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यात त्याला यश दे, बरकत दे. कुणाची वाकडी नजर पडली आसल, कुणी वाटंत काटा टाकला आसल, तर तो तूच बाजूला सार!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या बापसानं मुंबयत हाडं झिजवली, तशी येळ ह्याच्यावर आनू नको. ह्याचा पाय गावातनं भायर पडू देऊ नको. त्याचं अन्न त्याला हितंच दे, नि त्याच्या आयबापाचं म्हातारपन त्याच्या नजरंसमोर जाऊ दे!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणालो. मोठ्याने, सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून. हा शब्द आम्ही विचार करून म्हणत नाही. कळायला लागल्यापासून शिमग्यात पालखीसमोर म्हणत आलोय, तो शिंकेसारखा येतो. तोंडातून निघून गेल्यावर मला अर्थ कळला. माझ्याच पायात बेडी घालायची होती आणि मी पाय पुढे केला होता. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, पाठीवर थापा पडल्या. मी सगळ्यांकडे बघून हसत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा खोलीत आले. "लाव बगू कालचं."

त्यांना मी लाल ठिपक्यांवरच्या खुर्चीत बसवलं आणि गाऱ्हाणं लावलं. खोलीभर परत सगळे उभे राहिले. समोरून धाकूतात्या, डावीकडून काका, उजवीकडून निलेश. "व्हय म्हाराजा" चारी बाजूंनी असं आलं, की बाबांनी नकळत हात जोडले. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. माझा स्वतःचा आवाज ऐकू आला, ठणठणीत. मी मान खाली घातली.

संपल्यावर बाबा म्हणाले, "तुजी आवस कुटं हाय ह्यात?"

"मागे होती. दारात."

"परत लाव."

परत लावलं. या वेळी बाबांनी मागच्या स्पीकरकडे कान केला. मग मान वळवली आणि मग खुर्चीतच उलटे वळून बसले. मागून काकीचं "व्हय म्हाराजा" आलं, बारीक आवाजात. वहिनीचं आलं. दोघींच्या मध्ये काचेच्या बांगड्या वाजल्या, एक लांब श्वास ऐकू आला. आणि काही नाही. तिसऱ्या वेळी बाबांनी स्वतः बटण दाबलं. पाय भायर पडू देऊ नको, व्हय म्हाराजा. काकी. वहिनी. मध्ये बांगड्या, श्वास.

बाबांनी हाक मारली, "गो, हकडं ये जरा!"

आई ओले हात पदराला पुसत आली आणि दारात, कालच्याच जागी थांबली.

"तू व्हय म्हाराजा म्हटलं नाय?"

"नाय म्हटलं."

"का?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही, त्यांच्याकडेच बघितलं. "तुमी जायचात तवा मी कदी मागनं हाक मारली? ह्यो तानाबाळा होता, तापानं फणफणला होता, तरी नाय मारली. मंग ह्याला कशी मारू? फोन आलाय त्याला मुंबयसनं. आषाढ सरल्यापासून जेवत नाय धड. तुमी स्पीकर आणताव नि तो एकेक घास कमी करतो."

बाबा माझ्याकडे वळले. मी तेव्हा खोटं बोलू शकलो असतो, पण माझ्याकडे आता एकही अडचण शिल्लक नव्हती; सगळ्या त्यांनी सोडवल्या होत्या. "मला जायचंय बाबा," मी म्हणालो. "स्पीकरचं काही नव्हतं. मला जायचंय."

बाबांनी त्या काळ्या डब्यांकडे बघितलं. "पन देवीसमोर सगळ्यांनी म्हटलंय," ते म्हणाले. "आता कसं?"

"सगळ्यांनी नाय," आई म्हणाली.

खोलीत गोधड्या होत्या, त्यामुळे ते वाक्य कुठे आपटलं नाही. जिथे पोचायचं तिथे पोचलं.

"देवीचं मी बगते," ती पुढे म्हणाली. "बाईमानूस हाय ती पन. तिला म्हायत आसल." आणि चुलीवर काहीतरी होतं म्हणून ती गेली.

बाबांनी मागच्या स्पीकरवरून बोट फिरवलं, धूळ नव्हती तरी. "ह्ये मागचे बंद नाय करता येत?" त्यांनी विचारलं.

"येतात."

पण बंद कर असं काही ते म्हणाले नाहीत.

विसर्जन झालं. मुंबईकरांच्या गाड्या निघायला लागल्या आणि माझीही बॅग भरली गेली. आईने तांदळाचं पीठ, कुळीथ आणि सुके बांगडे बांधून दिले. बाबा चिडले नाहीत. सकाळी मी उठलो तर ते खोलीत त्या लाल ठिपक्यांवर बसले होते आणि स्पीकर बंद होते. मी पाया पडलो. "दमट हवेनं बिगडतील ह्ये," ते म्हणाले. "मी लावत जाईन मदनं मदनं." मी हो म्हणालो.

बॅग त्यांनीच उचलली. खळ्याच्या कडेपर्यंत आणून माझ्या खांद्याला लावली. आई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. पाखाडीच्या पायऱ्या चढून वर रस्ता, रस्त्यावर एसटीचा थांबा. मी चढायला लागलो.

मागे उभं राहायची बाबांना सवय नव्हती. आमच्या घरात नेहमी तेच जाणारे होते. माझी पाठ गेल्यावर त्यांचं काय झालं ते मला दिसलं नाही, कारण वळून बघायचं नसतं. पण ऐकू सगळं येत होतं. चिऱ्याच्या पायरीवर माझी चप्पल, गोठ्यातली घंटा, आणि मग मागे, डावीकडे, कुणीतरी दीर्घ श्वास घेतला. जोराने हाक मारण्याआधी माणूस घेतो तसा. लगेच काचेच्या बांगड्या वाजल्या, एकदाच. कुणी कुणाचा हात घट्ट धरावा तशा.

हाक आली नाही.

मी पाखाडी चढून वर आलो, एसटी आली, बसलो. कंडक्टरने कुठे जायचं ते दोनदा विचारलं. मला ऐकूच गेलं नाही. माझे कान मागेच होते, आणि ती हाक आली असती तर बरं झालं असतं, असं मला गाडी घाट चढेपर्यंत वाटत राहिलं.